सातपुड्यातली कंदिलासारख्या फुलाची वेल: नवी प्रजाती आहे हे ठरतं कसं?

मोलगीकर

राम राम बठ्ठासले.

श्रावणात तोरणमाळच्या बाजूला एका उतारावर गवताच्या आधाराने चढलेली नाजूक वेल दिसली. पानं अरुंद, लांबुडकी. फूल इंचभर, तळाशी फुगीर, मधे नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना जुळून कंदिलासारखी जाळी झालेली. नळी फिकट हिरवी, पाकळ्या जांभळट. कंदीलपुष्प आहे एवढं मला कळलं, पण माझ्याकडच्या पुस्तकातल्या एकाही चित्राशी पानं जुळेनात.

फोटो एका ग्रुपवर टाकले आणि तासाभरात ‘सातपुड्यात नवीन प्रजाती’ म्हणून अभिनंदनं सुरू झाली. एका वार्ताहराचा फोनही आला. त्यांना थांबायला सांगितलं आहे. मला नीट समजून घ्यायचं आहे की नवी आहे की नाही हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि नाव कोण देतं. आणखी एक. पाड्यावरचे म्हातारे बाबा ही वेल लांबूनच ओळखतात. लहानपणी हिचा कंद उकरून खायचो म्हणाले. मग ती ‘नवी’ कशी म्हणायची?

कोरांटी

भाऊ, सगळ्यात आधी त्या ग्रुपवरून ठिकाण काढून टाका. या वेली बागेत लावायच्या हौसेने कंदासकट उपटून नेल्या जातात. एखाद्या उतारावर वीस-पंचवीस वेली असतील तर दोन माणसं एका दुपारी तो उतार रिकामा करू शकतात. इथेही तालुक्यापुढे जाऊन जागा लिहू नका.

रानहळद

मोलगीकर भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. बाबांना ती वेल पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि ते ज्ञान पक्कं आहे. वनस्पतिशास्त्रात ‘नवी’ म्हणजे एवढंच की आजवर छापलेल्या कुठल्याही वर्णनाशी आणि कुठल्याही वनस्पतिसंग्रहात ठेवलेल्या नमुन्याशी ती जुळत नाही, आणि नियमाप्रमाणे तिला नाव मिळालेलं नाही. म्हणजे सगळं काम तुलनेचं. फूल दिसलं त्या दिवशी नवी प्रजाती सापडत नाही. ती सापडते पुढे कधीतरी, टेबलावर, तिच्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांशी ताडून पाहिल्यावर.

तुलना कशी करतात ते तुमच्याच वेलीवर सांगते. कंदीलपुष्पाचा वंश सेरोपेजिया. पानांकडे आत्ता पाहू नका, पानं फार फसवतात. फुलाची नळी उभी चिरली की तळाच्या फुगीर भागात एक छोटा मुकुट दिसतो. त्याला करोना म्हणतात. त्याची बाहेरची आणि आतली अशी दोन कडी असतात. बाहेरच्या कड्याचे भाग दुभंगलेले आहेत की अखंड, त्यांच्यावर केस आहेत का, आतले भाग सरळ उभे आहेत की टोकाला वाकलेले, त्यांची लांबी किती, यावर प्रजाती वेगळ्या होतात. नळीच्या आतल्या केसांचीही नोंद घ्या. ते खालच्या दिशेने वळलेले असतात. बारीक माशी वासाने आत उतरते आणि या केसांमुळे तिला वर येता येत नाही. ती तळाशी फिरत राहते, तिच्या अंगाला परागपुंज चिकटतात, आणि पुढे केस सुकून मऊ पडले की सुटते. फुलाची सगळी घडण या एका कामासाठी आहे, म्हणून फरकही तिथेच शोधायचे.

बाहेरून मोजायचं ते असं: पाकळ्या नळीपेक्षा लांब की आखूड, देठाला लव आहे का, एका झुपक्यात फुलं किती, कंद गोल-चपटा की लांबट, शेंगा जोडीने येतात का आणि त्यांच्यात कोन किती. हे सगळं एका वेलीवर पाहून भागत नाही, त्या उतारावरच्या अनेक वेलींवर पाहावं लागतं. एकाच वेलीचं एकच फूल वेगळं असेल तर ते व्यंगही असू शकतं.

एवढं करून काही जुळलंच नाही, तर मग जुने कागद उघडायचे. खानदेश मुंबई इलाख्यात होता, म्हणून थिओडोर कुक यांच्या 1901 ते 1908 मध्ये छापलेल्या इलाख्याच्या फ्लोऱ्यापासून, म्हणजे त्या भागातल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथापासून, सुरुवात होते. त्यानंतर महाराष्ट्राचा फ्लोरा, पुढचे शोधनिबंध, आणि मूळ नमुने. प्रत्येक नावामागे सहसा एक ठरावीक वाळवलेला नमुना असतो, तोच त्या नावाचा आधार. आपल्याकडच्या वनस्पतींचे बरेच जुने आधार-नमुने लंडनजवळच्या क्यू इथे आहेत. काही कोलकात्याजवळ हावड्याच्या केंद्रीय संग्रहात, काही पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात, काही मुंबईच्या ब्लॅटर संग्रहात. पूर्वी ते बघायला तिकडे जावं लागायचं. आता पुष्कळ नमुन्यांच्या मोठ्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात, आणि जिल्ह्याच्या गावी बसून काम करणाऱ्यांना याचा फार मोठा आधार झाला आहे.

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. वनस्पतींच्या नावांची मोजणी 1 मे 1753 पासून धरतात, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसच्या ग्रंथापासून. 1958 पासून आधार-नमुना नेमल्याशिवाय नव्या प्रजातीचं नाव ग्राह्य नाही. 2012 च्या सुरुवातीपासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं, आणि केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघालेल्या नियतकालिकातलं नावही वैध ठरतं. बातमीत छापलेलं नाव मात्र नाव नव्हे. म्हणून वार्ताहरांना थांबवलंत ते अगदी योग्य केलंत.

केळीबाग_रावेर

भलतं कामनं लिखं ताई. वाचतोय.

एक शंका. माझी मुलगी बीएस्सीला आहे. ती सांगते की साग आता तुळशीच्या कुळात आहे आणि रुईचं कुळच राहिलं नाही. नावं-कुळं अशी बदलत राहणार असतील तर ‘नवी प्रजाती’ तरी टिकते का?

रानहळद

मुलीचं बरोबर आहे, दादा. साग आणि निरगुडी पूर्वी घाणेरीच्या कुळात शिकवायचे, आता दोन्ही तुळशीच्या कुळात गेले. घाणेरी आपल्या जागी राहिली. रुईचं कुळ कण्हेरीच्या कुळात विलीन झालं, म्हणून मोलगीकर भाऊंची वेलही आज कण्हेरीच्या कुळातली. बदलाचं कारण हे की पूर्वी फुला-फळांच्या सारखेपणावरून गट पडायचे, आता डीएनए वाचून नातं किती जवळचं ते कळतं. काटेरी वेली-झुडपांचंच बघा. चिल्हार, सागरगोटा आणि शंकासुर सगळी एका सिसॅल्पिनिया वंशात होती. 2016 च्या मांडणीनंतर चिल्हार बियांकियात गेली, सागरगोटा ग्विलांडिनात, शंकासुर मूळ वंशात राहिला. बाभूळ अकेशिया राहिली नाही, वॅशेलिया झाली. खैर आणि शिकेकाई सेनेगालियात गेले. कारवीला 1944 मध्ये ब्रेमेकँप यांनी कार्व्हिया नावाच्या वेगळ्या वंशात नेलं होतं, आता ती पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्ये आहे.

पण यात बदललं काय ते पाहा. कारवी ही एक वेगळी प्रजाती आहे यावर वाद झाला नाही. ती कोणाजवळ बसते हे बदललं. आधार-नमुना तोच, नावातला दुसरा शब्दही तोच. नेमकं वर्णन आणि चांगला नमुना असला की वरची मांडणी कितीही हलली तरी प्रजाती हरवत नाही.

लळिंगचा_वाटसरू

मग थेट डीएनए तपासून का टाकत नाहीत? पानाचा तुकडा पाठवायचा, आठवड्यात निकाल.

रानहळद

निकाल कशाशी ताडणार? त्या वंशातल्या सगळ्या प्रजातींचे डीएनए-क्रम आधी कुणीतरी, अचूक ओळखलेल्या नमुन्यांवरून, नोंदवलेले असतील तरच तुलना होते. जवळच्या प्रजातींमध्ये नेहमीच्या तपासणीतल्या जनुकांचे भाग जवळपास सारखेही निघतात. पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवून ठेवा, तो उपयोगी पडेल. पण मुकुट न पाहता फक्त क्रमावरून नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचनमात्र

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

मोलगीकर

रानहळद ताईंनी सांगितल्याप्रमाणे रविवारी पुन्हा जाऊन आलो. सोबत पाड्यावरचे बाबा आणि त्यांचा नातू होता. एकही वेल उपटली नाही. गळून पडायला आलेली दोन फुलं घेतली, उभी चिरून मोबाईलला भिंग लावून फोटो काढले. एका वेलीच्या बुडाशी माती हलकेच बाजूला करून कंद पाहिला आणि पुन्हा बुजवला. कंद गोल, वरून चपटा. आणि एक गोष्ट लक्षात आली. त्याच उतारावर, दहा पावलांवर, तशाच फुलांच्या पण रुंद, जाडसर पानांच्या वेली आहेत. मधल्या काही वेलींची पानं ना धड अरुंद, ना धड रुंद. फोटो जोडले आहेत.

रानहळद

फार चांगलं काम झालंय. मुकुटाचे फोटो स्पष्ट आहेत.

मुकुट, नळी, कंद, सगळं सेरोपेजिया बल्बोसाशी जुळतं. रॉक्सबर्ग यांनी 1795 मध्ये वर्णन केलेली ही प्रजाती भारताच्या कोरड्या भागांत दूरवर पसरलेली आहे. अरुंद पानांच्या वेलीला एकोणिसाव्या शतकात सेरोपेजिया लुशी हे वेगळं नाव दिलं गेलं होतं. पुढे लोकांनी दोन्ही एकाच जागी वाढताना पाहिल्या, मधली पानंही पाहिली, आणि ती एकच प्रजाती धरली गेली. तुम्ही त्या उतारावर हीच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत. मधल्या पानांची नोंद तुम्ही केली नसती, फक्त अरुंद पानांची वेल घेऊन कुणी आलं असतं, तर पुन्हा एकदा तेच नाव नव्याने देण्याचा मोह झाला असता.

म्हणजे नवी प्रजाती नाही. पण ही नोंद मोलाची आहे. पानांचा एवढा फरक एकाच उतारावर दाखवणारे फोटो, तारखेसह, उंचीसह, कमी मिळतात.

कोरांटी

इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण ‘नवी नाही’ म्हटल्यावर विषय संपला असं कुणाला वाटू नये.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वर्णन झालेल्या प्रजाती बघा. म्युकुना संजापी ही खाजकुयलीच्या नात्यातली वेल जुन्नरच्या भागातून, 2012. सेरोपेजिया शिवरायियाना विशाळगडावरून, 2023, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने. कोकण, जुन्नर, कोल्हापूर, जिथे अभ्यासक सतत जातात तिथून नावं येतात. पण आर्जिरिया शरदचंद्रजी ही गारवेलीच्या गणगोतातली वेल 2021 मध्ये बार्शीकडच्या रामलिंगच्या डोंगरातून आली. कमी पावसाचा, बोडका समजला जाणारा प्रदेश तो. तिथे कुणीतरी पुन्हा पुन्हा जात राहिलं म्हणून ती सापडली.

2024 मधली डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा तर मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. तळेगाव दाभाड्याच्या उघड्या माळावरची, पुण्यापासून हाकेच्या अंतरावरची. पावसाळ्यानंतर ती एकदा फुलते. उन्हाळ्यात माळाला आग लागून गेली की जमिनीतल्या लाकडी बुडख्यातून ठेंगणे कोंब फुटतात आणि ती पुन्हा फुलते. हे एका फेरीत कळणं शक्यच नाही. पावसाळ्यात गेलेल्याला एक रूप दिसेल, जळालेल्या माळावर गेलेल्याला दुसरंच. वर्षभर, आणि अनेक वर्षं, त्याच माळावर जाणारा माणूस असल्यामुळे ती वेगळी आहे हे समजलं.

आता सातपुड्याकडे पाहा. वणवे आपल्याकडेही लागतात. वणव्यानंतर वैशाखात काय फुलतं याच्या नोंदी किती जणांकडे आहेत? अभ्यास-सहली श्रावणात आणि दिवाळीनंतर निघतात. अक्राणीच्या आतल्या दऱ्यांत जोराच्या पावसात रस्ते तुटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कंदवेली फुलून जातात. रावेरकडच्या पालच्या जंगलात मुरुडशेंग आणि धायटी सगळे ओळखतात, पण त्यांच्याखाली पसरलेल्या सोयरीक न लागणाऱ्या बारक्या वेलींची नोंद ‘एक वेल’ अशीच राहते. पाटणादेवीला हजारो लोक येतात, दरीत वरपर्यंत जाणारे थोडे. खानदेशात नवीन काही नाही म्हणतात, ते शोधून झाल्यावर म्हणालेलं नाही. आणि कारवीच्या गोतातली झुडपं तर काही वर्षांनी एकदाच फुलतात. त्यांची पानं पाहून काहीच ठरत नाही, फुलण्याच्या वर्षी तिथे हजर असावं लागतं.

तासिका_दुसरी

मी कॉलेजला शिकवतो. कोरांटी ताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नव्या म्हणून वर्णन झालेल्या प्रजातींपैकी फक्त 16 टक्क्यांचे नमुने वर्णनाच्या आधीच्या पाच वर्षांत गोळा झाले होते. जवळजवळ चौथ्या हिश्श्यात 50 वर्षांहून जुने नमुने होते. जगभरात दरवर्षी सुमारे 2,000 नव्या वनस्पतींना नावं मिळतात, त्यातल्या कितीतरी आधीच कुठल्यातरी कपाटात पडून असतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी चिकटवलेले कागद हा खजिना आहे. परीक्षा झाली की ते रद्दीत जातात, वाळवी लागते. कृपा करून हे थांबवा. मी माझ्या विभागात थांबवलं आहे.

पावसाळ्यात नमुना दाबताना एवढं सांभाळा. वर्तमानपत्राचे कागद रोज बदला, पहिल्या दोन दिवसांत शक्य झालं तर दोनदा. नाहीतर बुरशी येते. रसदार वेलीची पानं गळतात. कंदीलपुष्पासारखी फुलं दाबून सपाट झाली की मुकुट वाचता येत नाही, म्हणून काही फुलं 70 टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवा. रंग मात्र बाटलीतही उडतो आणि कागदावरही उडतो, तो त्याच जागी लिहून ठेवा. चीक पांढरा की पाण्यासारखा, वास कसला, वेल उजवीकडे वळते की डावीकडे, कुठल्या झाडावर चढली होती, खाली दगड होता की काळी माती. गावातलं नाव ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत लिहा, पावरी असेल तर पावरी, भिली असेल तर भिली. कीड लागू नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराईड वापरायचे. ते घातक विष आहे, मुलांच्या हातात देऊ नका. वाळलेला गठ्ठा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवला तरी काम होतं.

लळिंगचा_वाटसरू

परवानगीचं काय? आम्ही हौशी लोक. उद्या वनरक्षकाने अडवलं तर?

तासिका_दुसरी

अडवलंच पाहिजे, ते त्यांचं काम आहे. यावल, अनेर डॅम, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे पान तोडायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ते कार्यालय नागपूरला आहे. अर्ज संस्थेमार्फत जातो, म्हणून जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी जोडून घ्या. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलासाठी त्या भागाच्या उपवनसंरक्षकांना लिहा. धडगाव, अक्कलकुव्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे, आणि ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ग्रामसभेला आधी विचारा. कायद्यासाठी तर विचाराच, पण ते जंगल त्यांनी राखलं आहे म्हणूनही विचारा.

खरोखर नवी प्रजाती निघाली तर जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 प्रमाणे ती नेमलेल्या भांडाराला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे जायचं. फक्त फोटोवर भागत नाही.

केळीबाग_रावेर

आणि नाव? बाबांचं नाव देता येतं का एखाद्या वेलीला?

रानहळद

येतं, दादा. जो वर्णन छापतो तो नाव देतो. त्याने स्वतःचं नाव देऊ नये हा फक्त संकेत आहे. माणसाचं, डोंगराचं, नदीचं, बोलीतलं, कुठलंही नाव लॅटिन व्याकरणात बसवून देता येतं. ज्यांनी वेल दाखवली त्यांचं नाव देण्याची पद्धत जगभर आहे, आणि आपल्याकडे ती वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं. निबंधात त्यांचे आभार तर हवेतच. माझा आग्रह याहून पुढचा आहे. बाबांनी सांगितलेलं, कंद कधी काढायचा, किती ठेवायचा, कुठल्या उतारावर मिळतो, हे सगळं त्यांच्या गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्यांच्या नावाने आधी उतरलं पाहिजे. शोधनिबंध नंतर.

मोलगीकर

हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अशा आणखी दोन वेली आहेत, एकीचं फूल पूर्ण पिवळं, कंद कडू, तिला आम्ही खात नाही. जागा माहीत आहे म्हणाले, पण यंदाची फुलं झाली. शेंगा दिवाळीतल्या अस्तंब्याच्या यात्रेच्या सुमाराला तडकतात.

वार्ताहरांना मी कळवलं की बातमी नाही. त्यांनी वेलीच्या संवर्धनाबद्दल लिहायची तयारी दाखवली, ठिकाण न देता. तासिका सर, परवानगीचा अर्ज कसा लिहायचा त्याचा नमुना मिळेल का? आणि शेंगा पाहायला दिवाळीत कोण येऊ शकेल? माझ्या घरी चार जणांची सोय होईल.

तासिका_दुसरी

अर्जाचा नमुना व्यक्तिगत संदेशात पाठवतो. विभागाच्या लेटरहेडवर आमच्याकडूनच काढू, म्हणजे विद्यार्थीही सोबत येतील. शेंगा तडकायच्या आत जायला हवं. बी उडून गेलं की मोजायला काही उरत नाही.

रानहळद

मी येते. भिंग आणि अल्कोहोलच्या बाटल्या माझ्याकडे आहेत. पिवळ्या फुलाची वेल दाखवतील त्या जागी फक्त खूण करून ठेवू आणि पुढच्या श्रावणात फुलावर जाऊ. तोवर कंदाला हात लावायचा नाही.

लळिंगचा_वाटसरू

मी पण. गाडी आहे. धुळ्याहून कुणाला यायचं असेल तर सांगा.